‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीखाली

४ एप्रिल

व्याहीबुवांना कवळीवाल्याचा नमस्कार.

आमच्याकडचं यंत्र एकदाचं सुरू झालं. तुमच्या चिरंजीवांनी, म्हणजे आमच्या जावईबापूंनी, फोनवरून सांगायचं आणि मी इकडे काळ्या खिडकीत टाइप करायचं, यात किती रविवार गेले ते मोजायचं मी सोडून दिलं. आपल्या दोघांच्या म्हणींच्या संग्रहाची एक साधी वेबसाइट हवी होती. वर म्हण, खाली अर्थ, त्याच्या खाली आपण दोघांनी वाद घालायचा. एवढ्याला खरं तर एक वही पुरली असती. पण जावईबापू म्हणाले, "आधी डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट नीट उभं करू, मग वेबसाइट काय, आपोआप होते." मी म्हटलं करा. कवळी करायच्या आधी आम्हीही साचा काढतोच.

तर आधी यंत्र म्हणालं, मेमरी पुरत नाही. मेमरी वाढवली तर एक आवृत्ती जुनी निघाली आणि दुसरी नको तितकी नवी निघाली. मग ‘इमेज’ उतरवायची होती. मला वाटलं एखादा फोटो असेल. फोटो कसला, आख्खं बिऱ्हाड होतं. ते उतरेपर्यंत माझी एक पूर्ण कवळी घासून, पॉलिश होऊन, गिऱ्हाइकाच्या तोंडात गेली. त्यानंतर म्हणे आठ हजार ऐंशी नंबरचं दार आधीच कोणीतरी अडवलंय. मी एकटा माणूस, माझ्या घरात दार अडवायला आहे कोण? शेवटी शेजारचं दार दिलं, तेव्हा कुठे पडद्यावर आपल्या संग्रहाचं नाव उमटलं आणि खाली जावईबापूंनी दोन्हीकडे नमुन्यादाखल भरायला लावलेल्या चार म्हणी.

जावईबापूंचं म्हणणं मला समजलं ते असं. वेबसाइटला लागणारं सगळं सामानसुमान एका बंद पेटीत भरायचं. तिला कंटेनर म्हणतात. ती पेटी तुमच्या यंत्रात उघडा की माझ्या, आत सगळं डिट्टो तेच. "आता तुमच्याकडे आणि बाबांकडे काडीचा फरक नाही," असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. जगाला अजून यातलं काही दिसत नाही, ते म्हणे सगळ्यात शेवटी. जगाचं काय अडलंय आपल्यावाचून.

मला तर ही सोय झाली. फोनवरच्या शब्दाला पुरावा नसतो म्हणून तुम्ही फोनवर बोलत नाही, आणि टपालाचं म्हणाल तर पत्र येईपर्यंत काय लिहिलं होतं तेच मी विसरतो. आता म्हणीखाली लिहिलं की काम झालं. विहीणबाईंना नमस्कार सांगा. लेकीला म्हणावं, माझा खोकला गेला.

तुमचा,
कवळीवाला

*

११ एप्रिल

व्याहीबुवा यांस,
वजनमापे निरीक्षक (निवृत्त) यांचा नमस्कार पोचावा.

आपलं ४ तारखेचं पत्र मिळालं. आमच्याकडे चिरंजीवांनी यंत्र समक्ष बसवून दिलं आणि ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. (आमची ही मागून वाचते आहे आणि म्हणते की पहिला झटका मार्चमध्ये बसला होता. ते आपण मनावर घेऊ नये.)

आपल्या पत्रातली कंटेनरची हकीकत वाचून समाधान वाटलं, कारण हे मूळ माझं तत्त्व आहे. किलो तो किलो, मग बाजार कुठलाही असो. नोकरीभर मी तेच सांगत हिंडलो आणि घरात कोणी ऐकलं नाही. आता चिरंजीव तेच इंग्रजीतून शिकून आले, तर सगळे माना डोलावतात. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

आमचं यंत्र मागच्या खोलीत ठेवलं आहे. ही खोली तशी रिकामीच. माझी जुनी वजनं, दोन तराजू आणि एक खाट एवढंच सामान. मुलं वरच्या मजल्यावर, आम्ही खाली, त्यामुळे इथे कोणी फिरकत नाही आणि काम शांतपणे होतं.

मी बऱ्याच म्हणी नोंदवल्या आहेत. त्यांखाली आपलं मत अद्याप दिसलं नाही. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ हिचा अर्थ मी मुद्दाम चुकीचा दिला होता, आपण चूक काढता का ते पाहायला. आपण काढली नाहीत. याचा मला जरा खेद झाला.

आपला,
निरीक्षक (नि.)

*

१९ एप्रिल

व्याहीबुवा,

नमस्कार. तुमच्या म्हणी वाचल्या, बरं का. झकास आहेत. ‘नाचता येईना’चा अर्थ चुकलाय हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. पण मुलीकडच्या माणसाने मुलाच्या बापाची चूक काढायची म्हणजे आ बैल मला मार. म्हणून गप्प बसलो.

यंत्र अधूनमधून फार घरघरतं. आत पंखा फिरतो तो असा, की समोर बसलेलं गिऱ्हाईक तोंड मिटून घेतं. तुमच्याकडेही असंच होतं का? काही उपाय असला तर कळवा. जावईबापूंना पुन्हा रविवार मागायचं जिवावर येतं.

आणखी एक. मी ‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीखाली थोडं लिहिलंय. ते म्हणीबद्दल नाही आणि फक्त तुमच्यासाठी आहे. तोंडावर बोलता आलं नसतं, पत्रातही हात अडला, तिथे आपण दोघंच आहोत म्हणून जमलं. कृपा करून मुलांना दाखवू नका, लेकीला तर मुळीच नको. सवडीने वाचा आणि काय ते कळवा.

तुमचा,
कवळीवाला

*

कवळीवाल्यांच्या यंत्रावर, ‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीखाली, १९ एप्रिल

व्याहीबुवा, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सरळच विचारतो.

माझा उजवा हात थरथरायला लागलाय. दात लावताना सुळा कुठे जातो आणि दाढ कुठे, याचा भरवसा राहिला नाही, म्हणून लॅब बंद करतोय. ही इमारतही पाडायची आहे, जून संपायच्या आत जागा सोडा असं घरमालकाने सांगितलंय. लेकीला यातलं काही बोललो नाही. तिला कळलं तर ती नवऱ्याच्या मागे लागेल, तो तुमच्या मागे लागेल, आणि तुम्ही भिडेपोटी हो म्हणाल. तसं मला नको.

तुमची मागची खोली मला राहायला द्याल का?

मुलीच्या सासरी बाडबिस्तरा घेऊन जायचं हे बरं दिसत नाही, मला कळतं. पण ही जाऊन चार वर्षं झाली आणि मी इतक्यात कोणाशी मोठ्याने बोललो असेन तर ते तोंड उघडं ठेवलेल्या गिऱ्हाइकांशी. त्यांना उत्तर देता येत नाही. तुमच्याशी भांडायला मला आवडेल. जवळ राहून ही म्हण खोटी पाडता येते का बघू.

मनात नसेल तर स्पष्ट लिहायची गरज नाही. मी समजून जाईन.

*

निरीक्षकांच्या यंत्रावर, ‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीखाली, २४ एप्रिल

सदर म्हणीखाली आपली नोंद आढळत नाही. वरून खाली व खालून वर तपासलं. चष्मा बदलूनही तपासलं. नोंद नक्की कुठे केली आहे, याचा खुलासा याच ठिकाणी व्हावा. मुलांना विचारू नये असं आपण बजावलं असल्याने कोणाची मदत घेता येत नाही.

२८ एप्रिल

स्मरणपत्र. खुलासा अद्याप प्राप्त नाही.

*

२ मे

व्याहीबुवा यांस नमस्कार.

आपला १९ तारखेचा मजकूर वाचला. दोनदा वाचला. त्यावर माझं मत असं की, घाई करू नये, सध्या आहे तसंच राहू द्यावं. म्हण जुनी आहे, लोकांच्या अनुभवातून आलेली आहे, तीत आपण होऊन फेरफार करण्याचं कारण मला दिसत नाही. पुढे गरज वाटल्यास फेरविचार करता येईल. मुलांजवळ मी अवाक्षर काढलेलं नाही, याबद्दल निश्चिंत असावं.

यंत्राच्या घरघरीबद्दल. त्यावर माझ्याकडे रामबाण उपाय आहे. चिरंजीवांनी मला सफाईची आज्ञा लिहून दिली आहे. काळ्या खिडकीत ‘कंपोज डाउन’ ही आज्ञा द्यावी, पुढे एक आडवी रेघ आणि इंग्रजी व्ही. त्या व्हीबद्दल चिरंजीव काहीतरी सांगत होते, पण माझा अनुभव असा की अर्धवट सफाई केल्याने घाण तशीच राहते. म्हणून व्ही न विसरता घालावा. यंत्र लख्ख होतं. मी अजून केलेलं नाही, कारण आमचं घरघरत नाही.

आपण माझ्या विचारणेला तिथे उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. असो.

आपला,
निरीक्षक (नि.)

*

१२ मे

व्याहीबुवा,

नमस्कार. तुमचं पत्र आलं. पटलं मला. घर तुमचं आहे, विचार करायचा हक्क तुमचा आहे, आणि म्हण जुनी आहे हे तर खरंच. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नाही म्हणाल याची तयारी ठेवली होती, पण ‘फेरविचार करता येईल’ याची नव्हती. सरकारी दरवाजावर पाटी वाचून परत फिरल्यासारखं झालं. ते जाऊ दे. आपल्यात काही बिघडायला नको.

तुम्ही सांगितलेली सफाई केली. रेघ मारली, व्ही घातला. घरघर थांबली आणि त्याबरोबर सगळ्या म्हणीही गेल्या. माझा तो मजकूरही गेला. आता ‘अद्याप एकही नोंद नाही’ एवढंच दिसतं. चला, एका अर्थी बरंच झालं. जे बोलायला नको होतं त्याचा मागमूस राहिला नाही.

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात हवापालटाला जातोय. जरा लांब आहे, मुक्काम किती दिवसांचा ते ठरलेलं नाही. साचे आणि हत्यारं एका ओळखीच्या तरुण डॉक्टरला देऊन टाकली. पत्रं इथल्या पत्त्यावर टाकलीत तरी पोस्टमन पुढे पाठवेल, तशी त्याच्याशी बोली झालीय. लेकीला सांगा, मजेत आहे.

तुमचा,
कवळीवाला

*

२० मे

व्याहीबुवा यांस नमस्कार.

आपल्या पत्राचा सूर मला कळला नाही. एका म्हणीवर मत दिलं तर त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? ‘घर तुमचं आहे’ हा उल्लेख कशाबद्दल आहे? उलट वाईट मला वाटायला हवं. माझी विचारणा आणि त्यावरचं स्मरणपत्र, दोन्हीकडे आपण डोळेझाक केलीत.

हवापालटाचा बेत मात्र उत्तम आहे. या वयात हत्यारांचं ओझं कशाला हवं. आमच्या हिला मी हे वाचून दाखवलं तर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "कवळीवाला हत्यारं देऊन हवापालटाला जातो का कधी?" बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

आपला,
निरीक्षक (नि.)

*

६ जून

व्याहीबुवा,

आपल्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे. अशी माझी रीत नाही.

काल चिरंजीव आमच्या यंत्राजवळ बसले होते. आपलं नाव न काढता मी सहज विचारलं, "समजा, तिकडे त्यांच्या यंत्रावर कोणी काही लिहिलं, तर ते इकडे यायला किती वेळ लागतो?" चिरंजीव हसले. म्हणाले, "येतच नाही, बाबा. तुमची पेटी वेगळी, त्यांची पेटी वेगळी. जोडायचं अजून बाकी आहे, आधी लोकल, म्हणजे ज्याच्या त्याच्या यंत्रावर, नीट उभं राहू दे म्हटलं होतं ना." मी म्हटलं, "तूच म्हणालास दोन्हीकडे सारखंच आहे." तर म्हणतात, "सारखं आहे. एकच आहे असं कुठे म्हणालो?"

मी वजनमापांचा माणूस. एका साच्यातले दोन तराजू म्हणजे एक तराजू नव्हे, हे मला सांगावं लागू नये. तरी दोन महिने मी इकडच्या पारड्यात वजन टाकत होतो आणि तिकडचं पारडं हलत नाही म्हणून आपल्यावर रागावत होतो. मग मी त्या व्हीबद्दल विचारलं. चिरंजीव म्हणाले, तो घातला की साठवलेलं सगळं कायमचं जातं, परत मिळत नाही, म्हणून तर घालू नका असं सांगितलं होतं. म्हणजे आपण जे लिहिलं ते मला कधी दिसलं नाही आणि जिथे होतं तिथून मी आपल्याच हाताने पुसायला लावलं. उंटावरून शेळ्या हाकल्या, दुसरं काय.

आता हे लिहायला जड जातंय, पण लिहितो. आपला मजकूर मी वाचलेला नव्हता. एकदाही नाही. न वाचलेली फाइल पुढे आली की तिच्यावर मी नोकरीभर एकच शेरा मारत आलो, ‘सध्या आहे तसंच राहू द्यावं.’ या शेऱ्याने कधी कोणाचं काही बिघडलं नाही, असं मी अभिमानाने सांगत असे. काल प्रथमच मनात आलं, बिघडलं असेलही. मला सांगायला कोण येणार होतं?

हे सगळं मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही वाचलं नव्हतंत, ते मला तेव्हाच कळलं होतं. वाचलं असतंत तर दोन दिवस घर डोक्यावर घेतलं असतंत." मी म्हटलं, आता काय विचारलं होतं ते पुन्हा कळवा असं लिहितो. तर माझ्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणाली, "त्या माणसाने पत्रात नाही, फोनवर नाही, त्या पेटीत तोंड घालून विचारलं. त्याला पुन्हा विचारायला लावू नका."

म्हणून विचारत नाही. आपण काय मागितलं होतं ते मला माहीत नाही. माझं उत्तर हो असं आहे. न तोलता, न मोजता, हो. खाली पूर्ण सही करतो आहे, निवृत्त हा शब्द न लावता. आपल्याला जे हवं असेल ते या सहीच्या वर लिहून घ्या.

आपला,
निरीक्षक

*

१८ जून

व्याहीबुवा,

तुमचं पत्र फिरत फिरत परवा पोचलं. जिथे पोचलं त्या जागेला इथे सगळे ‘निवास’ म्हणतात, पुढचा शब्द कोणी उच्चारत नाही. पण पाटीवर तो पुरता लिहिलाय, वृद्धनिवास म्हणून. जागा वाईट नाही. पलंग चांगला आहे, खिडकी आहे, वेळेवर जेवायला मिळतं. माझ्या खोलीत एक निवृत्त इंजिनड्रायव्हर आहेत, त्यांची कवळी बसत नाही. बोलले की ती आधी येते आणि शब्द मागून येतात. पहिल्या दिवशी मी ती हातात घेतली, दोष कुठे आहे ते एका नजरेत दिसलं, आणि माझ्या हाताने ती नुसती थरथरत राहिली. ते म्हणाले, राहू द्या हो. त्या दिवशी मला रडू आलं. एवढं तुम्हाला सांगून टाकतो.

तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहितो. तुमच्या म्हणी मलाही दिसल्या नव्हत्या. एकही नाही. ‘नाचता येईना’ची चूक ध्यानात आली होती म्हणालो, ती थाप. तुम्ही न वाचता शेरा मारलात, मी न वाचता झकास म्हटलं. आपल्या मुलांनी एकमेकांना शोधलं यात काही नवल नाही, घराणी तोलामोलाचीच आहेत. मुलांची कमाल मात्र अशी, की एवढे रविवार खर्चून त्यांनी अशी वेबसाइट उभी केली, की जी दोन घरांत हुबेहूब चालते आणि एकाचं दुसऱ्याला कळू देत नाही. हे तर आपण यंत्राशिवायही करत आलो होतो.

तुमची सही मी बराच वेळ बघत बसलो. इंजिनड्रायव्हरांना दाखवली. त्यांनी विचारलं, "न वाचता सही करणारा माणूस आहे?" मी म्हटलं, "न वाचता नाही म्हणणारा आहे. हो पहिल्यांदाच म्हणतोय."

मी तुम्हाला मिशी काढायला सांगितली असती, तर काय केलं असतंत? ते विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते असं, की तुमची मागची खोली मला राहायला द्याल का? लॅब बंद केली, घर गेलं, हात गेला. लेकीला अजून माहीत नाही. ती दर रविवारी फोन करते आणि मी खिडकीतून दिसतं ते हवापालटाचं वर्णन करून सांगतो.

आता प्रश्न वाचलात. न वाचता हो म्हणालात, तर वाचून नाही म्हणायची तुम्हाला मुभा आहे. मी रागावणार नाही. नाही, हे पण खोटं. रागावेन.

तुमचा,
कवळीवाला

*

२४ जून

व्याहीबुवा,

आपलं पत्र आम्हा दोघांनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. या वेळी खरोखर वाचलं. ‘मला रडू आलं’ इथवर आल्यावर पुढचं हिने वाचलं, माझा चष्मा पुसायचा होता.

मागची खोली रिकामी केली. वजनं आणि तराजू जिन्याखाली हलवले. खाट एका पायात कमी भरत होती, तिच्याखाली पाचर मारली. आता बरोबर आहे.

सूनबाईंना मीच सांगितलं. आपण सांगू नका म्हणाला होतात, पण ती बोली मोडल्याचा दोष मी घेतो. ती आधी माझ्यावर संतापली, मग आपल्यावर, मग नवऱ्यावर, आणि सगळ्यांचं झाल्यावर जिन्यात बसून रडली. आपल्याला फोन करायला निघाली होती, तिला थांबवलं आहे. समोर आल्यावरच बोलेल. तिच्या बोलण्याची तयारी ठेवून या, मी मध्ये पडणार नाही. मंगळवारी चिरंजीव गाडी घेऊन येतील, सोबत मी असेन. इंजिनड्रायव्हरसाहेबांची कवळी त्यांना विचारून बरोबर घ्या. हात थरथरला तर थरथरू दे, दोष कुठे आहे ते आपण सांगा, कानस मी धरतो. माझा हात अजून स्थिर आहे.

चिरंजीव म्हणतात, आता दोन्ही यंत्रं एकाच घरात येणार तर ती जोडूनच टाकतो, फक्त दोन रविवार द्या. मी त्यांना रविवार दिलेला नाही.

एक गोष्ट आपल्याला आधीच कळवलेली बरी. ती खोली स्वयंपाकघराला लागून आहे आणि मधली भिंत अगदी पातळ आहे. आतून हाक मारली की माझ्या खुर्चीपर्यंत स्वच्छ ऐकू येते. काल हिला आत उभं करून, दार लावून, मी स्वतः तपासून पाहिलं.

आपला,
निरीक्षक